सोनेरी परांचे चपराशी: असंबद्ध विनोदाविषयी वाचकांचे प्रश्न

असंबद्ध विनोद आणि शब्दखेळ यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण त्यातील कवितेचा मुंबईशी थेट संबंध असल्यामुळे ते आवरते घ्यावेसे वाटले नाही.

प्रश्न: एडवर्ड लिअर यांची ‘द कमरबंड’ ही इंग्रजी कविता नुकतीच वाचनात आली. धोबी, पंखा, चपराशी, आया हे आपले शब्द तिच्यात भलत्याच ठिकाणी येतात. मला हसू आवरेना. नंतर मात्र वाटले, की साहेबाला शब्द कळले नाहीत म्हणून हा विनोद झाला, की कळले होते म्हणून झाला? आणि यात आपल्या माणसांची टिंगल आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर: शब्द लिअर यांना कळत होते, आणि ज्या वाचकांसमोर ही कविता प्रथम आली त्यांना तर ते लिअर यांच्याहूनही चांगले कळत होते. लिअर (१८१२–१८८८) हे पेशाने चित्रकार. तरुणपणी त्यांनी पोपटांची अतिशय काटेकोर चित्रे काढून नाव मिळवले, पुढे निसर्गचित्रे काढत ते देशोदेशी फिरले, आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरले. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ते हिंदुस्थानात चित्रे रेखाटत हिंडत होते. ही कविता १८७४ च्या जुलैमध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली, आणि पुस्तकात ती गेली नंतर, १८७७ च्या ‘लाफेबल लिरिक्स’ या संग्रहात. म्हणजे तिचा पहिला वाचक लंडनमधला अनभिज्ञ रसिक नव्हता. दिवसभर धोब्याला, भिश्त्याला आणि खानसाम्याला हाका मारणारी मुंबईतली साहेबमंडळी, आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे त्या काळचे आपले सुशिक्षित, हा तिचा पहिला वाचकवर्ग होता.

ज्यांनी कविता वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा मजकूर थोडक्यात सांगतो. एक सुंदरी संध्याकाळचा तारा पाहण्यासाठी आपल्या धोब्यावर बसलेली आहे आणि जवळून जाणारे पंखे तिच्या रूपाची तारीफ करीत आहेत. तिच्या कुंजाभोवती उंच उंच खानसामे वाढले आहेत आणि निळ्या चौक्यांवरून खिदमतगारांच्या माळा लोंबत आहेत. खाली नदीत सोनेरी परांचे चपराशी झुंडीने पोहतात, दूरच्या झाडांच्या शेंड्यांवर हिरव्या आया एकेकट्या बसलेल्या असतात, आणि पखालीची मशक रात्रभर खिन्नपणे कण्हत असते. नाल्यांना फांद्या फुटलेल्या आहेत, चिमुकले भिश्ती चिवचिवत आहेत, मीठ गुणगुणत आहे. एवढ्यात ‘कमरबंद आला!’ अशी आरोळी उठते, तो जबडा वासून सुंदरीच्या मागे लागतो आणि तिला गिळून टाकतो. ती मदत पोहोचण्यापूर्वीच गिळली गेली, हे कवीने कंसात घातले आहे, जणू एखाद्या दक्ष बातमीदाराने पुरवलेला तपशील! मला सर्वांत जास्त हसू येते ते या कंसाचे.

आता या कवितेत नेमके काय मोडले आहे, ते पाहावे. वृत्त मोडलेले नाही, कारण इंग्रजी कथागीताच्या चार ओळींच्या कडव्याची चाल अखेरपर्यंत सांभाळलेली आहे. यमके बिनचूक आहेत. वाक्यरचना निर्दोष आहे. प्रसंगांचा क्रमही जुन्या प्रेमकथांच्या वळणाचा आहे: आधी सुंदरी, मग निसर्ग, मग संकट, शेवटी उपदेश. मोडलेली आहे ती एकच गोष्ट, ती म्हणजे शब्द आणि त्या शब्दाने दाखवायची वस्तू यांच्यातली गाठ. ही एक गाठ सोडल्यावर बाकीच्या सगळ्या गाठी दुप्पट घट्ट आवळून ठेवणे, हे चांगल्या असंबद्ध लेखनाचे मर्म आहे, असे माझे मत आहे. ज्यात सगळेच नियम एकदम मोडतात त्या लेखनाला बरळणे म्हणतात, आणि बरळण्याला कोणी फार वेळ हसत नाही.

बाकीचे नियम शाबूत असल्यामुळेच वाचकाला अर्थाचा भास होतो. ‘सोनेरी परांचे’ आणि ‘पोहतात’ हे दोन शब्द आले, की त्यांच्या मधली जागा माशाची असते. तिथे कोणताही शब्द ठेवला तरी तो मासाच होतो. मराठीसारख्या विभक्तिप्रत्ययांनी बांधलेल्या भाषेत तर हा प्रयोग फारच सोपा आहे. ‘गुबळ्या झिंपराने तीन लोंबुटे भुसकावली’ या मी आत्ता रचलेल्या वाक्यात ‘तीन’ सोडल्यास एकही शब्द कोशात सापडणार नाही. तरीही लोंबुटे कोणी भुसकावली, ती किती होती, झिंपराचा स्वभाव किंवा बांधा कसा होता, या प्रश्नांची उत्तरे शाळकरी मूलसुद्धा देईल, आणि ‘लोंबुट’ नपुंसकलिंगी आहे हेही नकळत ओळखेल. लुईस कॅरल यांची ‘जॅबरवॉकी’ ही १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेली कविता याच तत्त्वावर उभी आहे. फरक इतकाच, की कॅरल यांनी रिकाम्या जागांमध्ये नव्याने घडवलेले शब्द बसवले आणि लिअर यांनी खरे, रोजच्या वापरातले शब्द बसवले. त्यामुळे लंडनच्या वाचकाला चपराशी हा निव्वळ मासा दिसतो; आपल्याला मात्र पट्टा-बिल्ला लावलेला चपराशी आणि त्याला फुटलेले सोनेरी पर ही दोन्ही चित्रे एकाच वेळी दिसतात. कवितेचा पुरा आनंद आपल्या वाट्याला आला आहे, तो या दुहेरी दृष्टीमुळे.

टिंगलीचा प्रश्न मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. या कवितेतली शब्दयादी पाहिली, तर निम्मे शब्द नोकरांचे आहेत, कारण साहेबाच्या बंगल्यात या देशाची भाषा हुकुमांपुरतीच शिरलेली होती. सुंदरी धोब्यावर बसते, हे वाचताना आजच्या वाचकाला जे थोडे टोचते ते टोचावेच. तरीही कवितेचा रोख त्या माणसांवर आहे असे मला वाटत नाही. पूर्वेकडचे चार सुगंधी शब्द पेरून हळवी काव्ये लिहिण्याची जी खोड इंग्रज कवींना होती, तिची ही थट्टा आहे, आणि गिळली जाते ती सुंदरी. याच्या पुढे जाऊन ‘कमरबंद म्हणजे हिंदुस्थानचा सूड’ वगैरे अर्थ कोणी काढू लागला, तर त्याला नमस्कार करून बाजूला व्हावे.

प्रश्न: ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ असे मुक्ताबाईंनी सातशे वर्षांपूर्वी म्हटले. मग या प्रकारचे श्रेय व्हिक्टोरियाच्या काळातील इंग्रजांना का द्यावे? आणि आपल्याकडे एवढी जुनी परंपरा असताना मराठीत असे लेखन कमी का?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर: आपण दिलेला दाखला चोख आहे, आणि त्याच्या जोडीला ज्ञानदेवांच्या नावावरचा ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना’ हा अभंगही घ्यावा. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. जे गाव वसलेच नाही तिथे तीन कुंभार येतात. त्यांतले दोन थोटे, आणि तिसऱ्याला घडवता येत नाही. ज्याला घडवता येत नाही तोच तीन मडकी घडवतो. दोन कच्ची, तिसरे भाजत नाही. जे भाजत नाही त्यातच मूग शिजायला पडतात, आणि अर्थातच शिजत नाहीत. प्रत्येक कडी आधीच्या कडीतल्या नकारालाच पकडून पुढे जाते, तीनची संख्या कुठेही ढळत नाही, आणि ‘चिना’चे यमक जराही सैल पडत नाही. वर लिअर यांच्याविषयी जे म्हटले, की एक गाठ सोडून बाकीच्या आवळायच्या, त्याचे याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही भाषेत माहीत नाही.

फरक आहे तो रचनेत नाही. कवी वाचकाशी जो करार करतो, त्यात आहे. हे अभंग म्हणजे कूट आहेत. त्यांना किल्ली आहे, आणि ती सद्गुरूवाचून सापडत नाही असे तीन गावांचा अभंग शेवटी स्वतःच बजावतो. कीर्तनकार निरूपणाला उभा राहिला, की मुंगीचा, सूर्याचा, गावांचा अर्थ तो उलगडून दाखवतो, आणि श्रोत्याला गुंतलेला दोरा सुटल्याचे समाधान मिळते. कॅरल यांचा करार नेमका उलटा आहे. त्यांच्या १८६५ च्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या पुस्तकातील वेडा टोपीवाला नायिका अ‍ॅलिसला विचारतो, की डोमकावळा आणि लिहिण्याचे मेज यांत साम्य काय. आणि तिने हार मानल्यावर सांगतो, की उत्तर मलाही ठाऊक नाही. वाचकांनी या कोड्याच्या उत्तरासाठी कॅरल यांना इतके पिडले, की अखेर १८९६ मध्ये प्रस्तावनेत त्यांनी एक उत्तर देऊन टाकले. मात्र मूळ कोड्याला उत्तर नव्हतेच, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. कुलूप आहे, किल्ली नाही, आणि दाराच्या पलीकडे खोलीही नाही, असा हा प्रकार आहे. (जाता जाता एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या जुलैमध्ये मुंबईत कमरबंदाने सुंदरीला गिळले, त्याच १८७४ च्या जुलैमध्ये इंग्लंडात एका टेकडीवर एकटेच फिरत असताना कॅरल यांना आपल्या ‘स्नार्क’ या दीर्घ काव्याची शेवटची ओळ अचानक सुचली, आणि बाकीचे काव्य त्यांनी नंतर त्या ओळीपर्यंत पोहोचवले. त्याही काव्याच्या शेवटी शिकाऱ्यांपैकी एक जण नाहीसाच होतो.)

आता एक गोष्ट आपल्या बाजूने बोलायला हवी. किल्ली असली तरी ऐकणारा आधी हसतो आणि मग किल्ली मागतो; अर्थ न कळलेल्या मुलालाही तीन गावांचा अभंग पाठ होतो तो त्यामुळेच. मुक्ताबाईंच्या अभंगाचा शेवटही ‘माशी व्याली घार झाली, देखोन मुक्ताई हासली’ असा आहे. तत्त्वार्थ सांगणाऱ्यांनी या हसण्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मराठीत असे लेखन कमी का, याचे माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे, की आपल्या आधुनिक विनोदाला जन्मापासूनच काहीतरी लक्ष्य लागते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’पुढे समाजातील खुळ्या रूढी होत्या. अत्र्यांच्या १९२५ च्या ‘झेंडूच्या फुलां’पुढे समकालीन कवींच्या लकबी होत्या. हे श्रेष्ठ लेखन आहे, पण ते कोणाला तरी लागावे म्हणून लिहिलेले आहे. असंबद्ध विनोद कोणालाच लागत नाही, त्यामुळे गंभीर समीक्षेने त्याला दिवाणखान्यात बसवले नाही आणि तो मुलांच्या खोलीत जाऊन राहिला. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी लिहिलेल्या कविता, विशेषतः ‘एटू लोकांचा देश’, मोठ्यांनी पुन्हा वाचून पाहाव्यात; उलट्या जगाचे कायदे किती कसोशीने पाळावे लागतात, ते तिथे दिसते.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात एक मित्र सतत शाब्दिक कोट्या करतो आणि सगळे वैतागतात. मात्र थोर लेखकांच्या कोट्यांना आपण दाद देतो. हा पक्षपात नव्हे काय?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर: थोडा आहेही, कारण कोल्हटकरांच्या आणि त्यांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांच्या लेखनातही अशा कोट्या आहेत, ज्या आपल्या मित्राच्या तोंडी आल्या असत्या तर आपण त्याला वर्गाबाहेर काढले असते. पण एक खरा भेदही आहे. सामान्य कोटी एका शब्दाचे दोन अर्थ दाखवते आणि तिथेच थांबून टाळीची वाट पाहते. असंबद्ध लेखक त्या चुकीच्या अर्थाला खरे मानून पुढे चालू लागतो आणि त्याचे परिणाम भोगतो.

याचे सर्वांत लोभस उदाहरण बंगालीत आहे. सुकुमार राय यांचे ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक सप्टेंबर १९२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच प्रसिद्ध झाले. त्यातल्या खिचडीवरच्या कवितेत ‘हाँस’ म्हणजे बदक आणि ‘सजारू’ म्हणजे साळिंदर यांचा ‘हाँसजारू’ होतो, आणि कवी कंसात सांगून टाकतो, की मी व्याकरण मानत नाही. हे विधान धादांत खोटे आहे! पुढे बक आणि कच्छप मिळून बकच्छप, हाती आणि तिमी मिळून हातिमी, मोरग आणि गोरू, म्हणजे कोंबडा आणि गाय, मिळून मोरगोरू, अशी जी प्राणिसंपदा येते तिच्यात एक नियम कुठेही चुकत नाही: पहिल्या नावाचा शेवटचा वर्ण हाच दुसऱ्याचा पहिला वर्ण असला पाहिजे. पाणिनीलाही हरकत घेता येऊ नये इतका हा संधी काटेकोर आहे. एवढ्यावर थांबले असते तर ती कोटीच राहिली असती; पण राय पुढे हातिमीची अवस्था सांगतात. तिच्यातला तिमी, म्हणजे देवमासा, पाण्यात जाऊ म्हणतो आणि हत्ती म्हणतो, चल भाऊ, जंगलात जाऊ. शब्दांची गंमत तिथे एका प्राण्याची अडचण होते, आणि त्या बिचाऱ्याचे काय होणार याची आपल्याला खरीखुरी काळजी वाटू लागते. आपल्या मित्राला एवढेच सांगावे, की कोटी केल्यावर थांबू नकोस. तिचे पुढे काय झाले तेही सांग. पुष्कळ कोट्या तो आपण होऊन गिळून टाकील.

प्रश्न: असंबद्ध विनोद आणि रंगभूमीवरचे ‘अ‍ॅब्सर्ड’ नाटक एकच का?
— एक हौशी नाट्यकर्मी, सांगली

उत्तर: जवळचे नातेवाईक आहेत, पण एका घरात राहत नाहीत. ‘अ‍ॅब्सर्ड’ नाटककार युजीन आयनेस्को यांचे पहिले नाटक मे १९५० मध्ये पॅरिसमध्ये झाले, आणि त्याचा उगम इंग्रजी शिकवणाऱ्या एका पाठ्यपुस्तकात होता. आठवड्याचे दिवस सात असतात, जमीन खाली आणि छत वर असते, अशी त्रिकालाबाधित सत्ये त्या पुस्तकातले सभ्य जोडपे एकमेकांना गंभीरपणे सांगत असे. आयनेस्को यांनी ती वाक्ये पात्रांच्या तोंडी घातली. नाटकाच्या नावात टक्कल पडलेली गायिका आहे, रंगमंचावर ती कुठेच येत नाही. तालमीत एका नटाची जीभ घसरून निघालेले शब्दच पुढे नाव म्हणून ठेवले गेले. इथवर सगळे कॅरल यांच्या घराण्यातले वाटते. फरक असा, की अ‍ॅलिसला आजूबाजूचे जग चमत्कारिक वाटते. ती वाद घालते, चिडते, पाढे म्हणून स्वतःची शुद्ध तपासते. आयनेस्को यांच्या रंगमंचावर चकित व्हायला कोणी शिल्लकच नसते, ते काम प्रेक्षकावर पडते, आणि म्हणून तिथले हसू घशात अडकते. आपण हे नाटक बसवणार असाल, तर नटांना विनोदी अभिनय करू देऊ नये. प्रत्येक वाक्य वेळापत्रक वाचल्यासारखे सरळ बोलले गेले, तरच ते चालते.

प्रश्न: माझी आठ वर्षांची मुलगी अशा कवितांच्या प्रत्येक ओळीनंतर ‘म्हणजे काय?’ विचारते. तिला काय सांगावे?
— एक आई, नाशिक

उत्तर: अर्थ सांगू नये, आणि ‘याला अर्थ नसतो’ असेही सांगू नये, कारण दोन्हींमुळे कविता तिथेच संपते. आधी कविता ठेक्यात, मोठ्याने, मध्ये न थांबता पूर्ण वाचावी. हे लेखन कानासाठी आहे. अ‍ॅलिसची गोष्टसुद्धा कॅरल यांनी आधी लिहिली नव्हती, ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना लिडेल कुटुंबातील तीन मुलींना ती तोंडी सांगितली होती, आणि लिअर यांनी आपल्या पाच ओळींच्या कवितांपैकी पुष्कळ ज्या घरी ते प्राण्यांची चित्रे काढायला राहत होते तिथल्या मुलांसाठी रचल्या होत्या. मग हातिमीचा नियम मुलीला समजावून द्यावा आणि तिलाच प्राणी घडवायला सांगावे. माकड आणि डुक्कर यांचे माकडुक्कर लगेच होईल. कासव आणि वटवाघूळ यांचे कासवटवाघूळ व्हायला थोडा वेळ लागेल. ते झाले, की आपण विचारावे: हे उलटे लटकते तेव्हा पाठीवरचे कवच जड होऊन पाय सुटत नाहीत का? तिने गंभीरपणे उत्तर शोधायला घेतले, तर पुढची कविता तिलाच निवडू द्यावी.